राबात गेलेले कागद

शेतात राब भाजल्याचा वास आला की मला आईचे काजळलेले हात आठवतात. बाबा कसाऱ्याला रेल्वेत फिटर होते आणि कामगारांची युनियन बांधत होते. संपात त्यांना पकडून नेलं आणि घराची झडती होणार, असं कळलं. त्यांच्या ट्रंकेत सभांची टिपणं होती, सभासदांच्या सह्या होत्या. त्या हाती लागल्या असत्या तर कितीजणांची नोकरी गेली असती. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती निवडत बसली नाही. भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण-पाला रचलेला होता, त्याच्या थरांत तिने सगळे कागद घातले, वर माती पसरली आणि राब पेटवला. फौजदार बांधावर येऊन म्हणाला, "धूर कसला गं?" "राबाचा, सायेब. समद्या गावात हाय," आई म्हणाली. खरंच, डोंगरापर्यंत शेतं धुमसत होती. बाबा सुटून आले तेव्हा भाताची लावणी चालली होती. "माझे कागद कुठं हायेत?" त्यांनी विचारलं. आईने रोपांची जुडी त्यांच्या हातात दिली. "हे काय. लावा आता." बाबा धोतर खोचून चिखलात उतरले. परवा एक अभ्यासक बाबांचे कागद बघायला म्हणून मुंबईहून आला. त्याला मी आमच्या शेतातला भात वाढला.