लांब शाफ्ट

असं काही लिहायचा माझा अधिकार नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण ग्रीसचा वास आला की जतमधली ती दुपार आठवते. मिरजेच्या डॉक्टरांनी ‘आता घरीच न्या’ म्हणून सांगितलेला माझा मित्र अंगणात बाजेवर उशीला टेकून, रिमोटवरची त्याची खेळण्यातली जीप दगडावर चढवत होता. ती दर वेळी मागं उलटायची. “चाकांतलं अंतर वाढीव रं,” तो म्हणाला. मी एक्सल धरणाऱ्या दांड्या काढून लांब दांड्या बसवल्या, मागची चाकं बोटभर मागं सरकली. जीप उलटायची थांबली, पण चाकं फिरवणारा शाफ्ट आता आखूड पडला आणि अर्ध्या चढावरच निसटला. तो हसला. “आता उलटत न्हाई, पर चढत बी न्हाई. लांब शाफ्ट घिऊन ये गड्या, तवर मी हाय.” मी शाफ्ट मागवला, पण पार्सल यायला फार दिवस लागले. तो डबा अजून माझ्या टेबलावर तसाच बंद आहे. तो डबा घेऊन मी सांगलीच्या स्टँडवर जतच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा त्याच्या वडिलांचा फोन आला, “सावकाश ये लेकरा. आता घाईचं काय ऱ्हायलं न्हाई.”