खालचा माणूस

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांचा अंदाज चुकला, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. उतरत्या छपरांवर कवेलू, म्हणजे कौलं, घालणारे हे मिस्त्री. सारी गल्ली त्यांना भाऊ म्हणते. छप्पर दाखवलं की किती माणसं, किती दिवस, हे भाऊ तिथंच सांगणार आणि नेमक्या त्याच दिवशी शेवटचं कवेलू बसणार. अंदाजाची रीत मात्र अफलातून! पायातली चप्पल काढायची आणि उतारावर फेकायची. ती वरच राहिली तर छप्पर गरीब स्वभावाचं. घसरून खाली आली तर दिवस दुप्पट. "काहून म्हणजे? उभ्या छपरावर माणसाचा एक हात काम करते, दुसरा जीव धरून राहते," हे त्यांचं गणित. धंतोलीत एका बंगल्याच्या पन्हाळीत ती चप्पल अडकली ती अडकलीच. हा गृहस्थ एका पायानं अनवाणी घरी आला, पण दिवस सांगून आला.

ही खोड छपरांपुरती असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण लग्नात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की "पोळीपर्यंत बावीस मिनिटं" असं जाहीर करायचे. माझ्या दाढदुखीलाही त्यांनी तीन दिवस दिले होते, आणि मेली ती दाढ तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं थांबली! फक्त त्यांची बायको, आमच्या वहिनी, दवाखान्यात होत्या तेव्हा मी विचारलं, "भाऊ, किती दिवस लागतील?" तेवढा एक अंदाज त्यांनी दिला नाही. वहिनी गेल्या, आणि त्यानंतर भाऊ छपरावर चढलेच नाहीत.

मीही एकटाच. लेक पुण्याला. तिच्याच हट्टापायी शहराबाहेर बेसा इथं घर बांधलं, तर त्याचं छप्पर इतकं उभं की कावळ्यानंही विचार करून बसावं. गळ घालून मी भाऊंना तिथं नेलं. त्यांनी चप्पल फेकली, ती थेट माझ्या पायाशी.

"वर मी धरून तीन माणसं, अकरा दिवस," ते म्हणाले. "अन् खाली एक."

"खाली कशाला?"

"दोराचं टोक धराले. अन् बोलाले."

"बोलायला मजूर?"

"वरच्या माणसाले मधातच भेव वाटते, बाबू. खालून कोणी बोलून राहिलं की हात कापत नाही."

मी भडकलोच. दोर झाडाला बांधा, मोबाइलवर गाणी लावा, म्हणालो. भाऊ चप्पल घालून फाटकाकडे निघाले. तेव्हा मला आठवलं. कुठल्याही कामावर छपराखाली पाट टाकून वहिनी बसलेल्या असायच्या. मनगटाला दोर, मांडीवर मेथीची जुडी, आणि तोंडानं नवऱ्याला अखंड बोलणी. मला स्वतःचीच लाज वाटली.

"भाऊ, थांबा!" मी ओरडलो. "खालचा माणूस मी!"

अकरा दिवस मी बोललो. तिसऱ्याच दिवशी विषय संपले, मग पेपरातल्या स्थळांच्या जाहिराती मोठ्यानं वाचल्या. वरून हुकूम यायचा, "अन् मंग?" जरा थांबलो की, "चूप काहून बसला गा? आहेस ना?"

अकराव्या दिवशी चार वाजता शेवटचं कवेलू बसलं. बाकीचे दोघं उतरले, सामान आवरून गेले. भाऊ आढ्यावरच बसून राहिले.

"झालं की भाऊ! उतरा आता."

त्यांनी साऱ्या छपरावरून नजर फिरवली, एका चांगल्या बसलेल्या कवेलूवर उगाच हात फिरवला.

"नाही बाबू. अजून एक दिवस लागन."

मला खालून सगळं दिसत होतं. बोटभर जागा उरली नव्हती. घरी जाऊन त्यांना कुलूप उघडायचं होतं, आणि मलाही.

"लागेलच," मी म्हणालो. "उतार केवढा आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ एकटेच वर चढले. एकही कवेलू जागचं हललं नाही, आणि मी संध्याकाळपर्यंत दोर धरून बोलत राहिलो.