घोंगडीवाल्याची फ्रेम

जालन्याला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान होतं. मालक त्याला कंपनी म्हणायचे. कंपनीत माणसं चार: मालक, मिस्तरी, भट्टीचा भाता ओढणारा एक गडी आणि मी. शाळेत असताना मी ड्रॉइंगच्या परीक्षा पास झालो होतो, तेवढ्यावर मालकांनी मला ठेवून घेतलं. मडगार्डावर सोनेरी रेघा मारायच्या आणि रंग वाळेपर्यंत माशा हाकायच्या, हे माझं काम.

मग लढाई लागली आणि विलायती सायकली येणं बंद झालं. मुंबईहून पूर्वी आणलेला पोलादी नळ्यांचा एक भारा माळ्यावर पडून होता. मालकांनी तो खाली उतरवला आणि मला म्हणाले, "तुम्ही चित्रं काढता ना? मंग एक फ्रेम काढा. आपण आपली सायकल करू. पण बराबर विलायतीसारखी दिसली पाहिजे."

मी एका जुन्या फ्रेमची मापं घेऊन खाकी कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढलं आणि फरशीवर पसरलं. मिस्तरी त्याच्याभोवती अनवाणी फिरले. सगळी उमर जिनिंगच्या कारखान्यात काढलेले, दखनी बोलणारे गृहस्थ.

"कागज पे अच्छी है बाबू," ते म्हणाले. "पन इसपे बैठेगा कौन?"

त्या वेळी पायरीवर आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक बसलं होतं. टेंभुर्णीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. गावोगावच्या विणकरांकडून घोंगड्या घेऊन तो बाजारोबाजार विकायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याची सायकल कुठे ना कुठे मोडायची. मिस्तरींनी त्याच्याकडे बोट केलं. "ये बैठेगा. इससे पूछो."

घोंगडीवाला लाजला, पण बोलला. "मागं गठ्ठा ऱ्हातो, माझ्याहून जड. चढाला म्होरलं चाक उचलाया बघतं. आन् काळ्या रानातून चाललं की चाकात चिखल बसतो. मंग सायकल मला न्हाई नेत, मीच तिला नेतो."

मी तो कागद गुंडाळून ठेवला आणि दुसरा घेतला. या वेळी मागचं चाक थोडं मागे सरकवलं, म्हणजे गठ्ठ्याचं वजन त्या चाकाच्या पुढे येईल आणि चढाला पुढचं चाक उचलणार नाही. चाक आणि नळ्या यांच्यात दोन बोटं जागा जास्त सोडली. मालक बघून नाराज झाले. "ही सायकल न्हाई, घोडी झाली," म्हणाले. पण थांबवलं नाही.

खरी अडचण सांध्यांची. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे बाहेरून एक लोखंडी टोपण असतं. त्याला आम्ही लग म्हणायचो. नळी लगमध्ये बसवायची, टाकणखार लावायचा आणि भट्टीत पितळ वितळवून आत झिरपू द्यायचं, की टाका बसला. तयार लग मिळेनात, म्हणून आम्ही बिडाचे ओतून आणले. मिस्तरींनी त्यातला एक ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. त्याचे बिस्किटासारखे तुकडे झाले. मग त्यांनी पोलादाचा पत्रा तापवून सळईवर वळवला आणि एकेक लग हातानं घडवला. महिनाभर ते काम चाललं.

पहिली सायकल घोंगडीवाल्यालाच चालवायला दिली. चार दिवसांनी तो बैलगाडीतून परत आला. सायकल गाडीत आडवी. हँडलखालची तिरपी नळी लग संपतो तिथे सुरीनं कापल्यासारखी तुटली होती. त्याच्या कोपरावर खरचटलेलं होतं.

"वाटूरच्या अलीकडं गेल्तो," तो म्हणाला. "खड्ड्यात गेली अन् बसली. लागलं बिगलं न्हाई मला."

मालक सायकल बघून आत निघून गेले. मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा ते लागलं. मिस्तरी तुटलेल्या कडेवर बोट फिरवत बसले. "टाका पक्का है," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "टाका तो नई छुटा. फिर नली कैसी टूटी?"

घोंगडीवाला पाणी पिऊन शेजारी येऊन बसला. त्यानं ती तुटलेली कड निरखली. "काठीला लोखंडाचं कडं ठोकलं की काठी कड्यापाशीच मोडती," तो म्हणाला. "माझा बाप कड्याला दाते कापायचा. लांब दाते. मंग न्हाई मोडत."

मिस्तरींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी कागद-कात्री घेतली. जिथे लगची कड सरळ होती तिथे लांब निमुळती टोकं काढली, कडुलिंबाच्या पानासारखी, म्हणजे जोर एका जागी न थांबता नळीवर हळूहळू उतरेल. कागद नळीवर गुंडाळायचा, मिस्तरींना दाखवायचा, ते म्हणायचे, "और लंबा." सात-आठ कागद वाया गेल्यावर त्यांनी "हौ" म्हटलं आणि कानस हातात घेतली.

दुसरी फ्रेम घेऊन घोंगडीवाला पुन्हा त्याच रस्त्यानं गेला. वाटूर, वडीगोद्री, असे सगळे बाजार करून पंधरा दिवसांनी आला. मिस्तरींनी सायकल उलटी करून प्रत्येक पानाच्या टोकावरून नख फिरवलं. कुठे तडा नव्हता. मग त्यांनी ती सुलटी केली आणि मला म्हणाले, "पीछे बैठो." मी त्यांना कधी सायकलवर बघितलं नव्हतं. लुंगी वर खोचून, मला कॅरिअरवर बसवून, ते स्टेशनपर्यंत जाऊन आले. वाटेत एक टांगेवाला हसला तर त्यालाही त्यांनी सलाम केला.

लोक पुढे ती सायकल 'पानवाली' म्हणून मागायला लागले. त्यांना ती नक्षी वाटायची. मालकही गिऱ्हाइकाला नक्षीच सांगायचे आणि मिस्तरी नि मी ते तसंच चालू द्यायचो. भारा संपेपर्यंत अकरा फ्रेमी झाल्या. लढाई संपली, विलायती माल परत आला आणि बाराव्या फ्रेमीसाठी नळ्या कुणी मागवल्या नाहीत. मी अंबडला ड्रॉइंग मास्तर झालो. मिस्तरी लेकीकडे हैदराबादला गेले.

ते जायच्या आधी मी दुकानात गेलो तेव्हा घोंगडीवाला तिथे होता. सायकल मोडत नव्हती, तरी तो येऊन बसायचा. मिस्तरी भट्टीपाशी, तो पायरीवर, मधे चहाच्या दोन बश्या. मी तिसरी बशी मागवली आणि त्यांच्यात जाऊन बसलो.