खाली कोण उभं होतं

आमच्या ह्यांना साइटवर सगळे शंकासुर म्हणतात, आणि मला त्याचा बिलकूल राग येत नाही. खरंच आहे ते! लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहाला हात लावायच्या आधी गॅलरीचा कठडा हलवून बघितला होता. माझ्या बाबांना कळेना, हा जावई व्हायला आलाय की घर विकत घ्यायला. सिनेमाला गेलो की आधी बाहेर पडायचं दार शोधणार. मी गॅस बंद करून आले की पाठोपाठ जाऊन बघणार, आणि वर म्हणणार, "बंदच होता गं, मी आपलं सहज बघितलं." असा संताप येतो म्हणून सांगू!

पण ह्या स्वभावाचाच त्यांना पगार मिळतो. मोठे पूल बांधताना काय काय बिघडू शकतं ते आधीच हुडकायचं, त्याची तजवीज करायची आणि वेळ आली तर काम थांबवायचं. काम चोख झालं तर काहीच घडत नाही. मग लोक विचारतात, हा माणूस दिवसभर करतो तरी काय?

ह्यांचं काम चालू होतं त्याच पुलावर आमची लेक इंजिनियर म्हणून लागली, तेव्हा मला कोण आनंद झाला. हे मात्र साइटवर तिला ओळखही दाखवायचे नाहीत. "तिथे मी तिचा बाप नाही," म्हणायचे. तिलाही तेच हवं होतं.

मग तिच्या पहिल्या मोठ्या स्लॅबचा दिवस आला. वर काँक्रीट ओतत असताना खालच्या लोखंडी टेकूंवर नजर ठेवायचं काम तिच्याकडे होतं. एकदा ओतायला घेतलं की मध्ये थांबायचं नसतं. थांबलात तर अर्धवट पडलेलं घट्ट होऊन बसतं आणि सगळं फोडून काढावं लागतं. दुपारी टेकू थोडे थोडे खचायला लागले. ह्यांनी पंप बंद करायला लावला आणि खालच्या सगळ्यांना बाहेर हाकललं.

मोठे साहेब धावत आले. "अहो, खचणं मर्यादेच्या आत आहे!"

"आत आहे, पण थांबत नाहीये," हे म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

नंतर टेकूंखालची जमीन तपासली. ठणठणीत निघाली. टेकूंनी भार आरामात पेलला असता. तो अर्धा स्लॅब फोडायला कितीतरी दिवस लागले, आणि तेवढे दिवस ह्यांना बघून माणसं तोंड फिरवून हसत होती.

लेक घरी आली तेव्हा मला वाटलं, स्लॅबवरून चिडली असेल. पण जेवताना तिने भलतंच विचारलं. "बाबा, खाली मी नसते तर थांबवलं असतंत?"

ह्यांचा घास हातातच राहिला. तो परत ताटात ठेवून म्हणाले, "माहीत नाही."

"मग माझ्याबरोबर खाली जे होते, त्यांनी काय समजायचं? इंजिनियर बाईंचे वडील वर आहेत म्हणून आपण वाचणार?"

"अगं, बापाने तुझा जीव वाचवला," मी उसळले.

"कुठे वाचवला, आई? काही पडलंच नाही."

तिने बदली मागून घेतली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या ऑफिसात जायला लागली. घरात आल्यावर बापाशी बोलणं हो, नाही, जेवले, एवढंच. मला तर रडूच यायचं. मी ह्यांच्यावर डाफरले, "सरळ हो म्हणायचं होतंत ना! काय बिघडलं असतं?"

"माझं मलाच ठाऊक नाही, तर तिला काय सांगू?" म्हणाले. झोप उडाली होती त्यांची. शंकासुराला पहिल्यांदाच स्वतःबद्दल शंका आली होती, आणि तिच्यावर काही तजवीज नव्हती. साहेबांनीही बजावलं होतं, पुन्हा विनाकारण काम थांबलं तर पुलावरून काढून फायली लावायला बसवीन.

परवा पुढचा स्लॅब होता. हे दुपारीच घरी आले. अंगावर धूळ, पायात तसेच बूट, दारातल्या खुर्चीत बसले. लेकीला सुट्टी होती, ती खिडकीपाशी कपडे घडी करत होती.

"पुन्हा थांबवलं," हे म्हणाले.

"अरे देवा! काही झालं का?"

"नाही. मागच्यासारखंच. मर्यादेच्या आत होतं. तपासताहेत, उद्या कळेल. मला मात्र आजच पुलावरून काढलं."

मी कपाळाला हात लावला. आता चांगली खरडपट्टी काढणार होते, तेवढ्यात लेक घडी अर्धवट टाकून पुढे आली.

"खाली कोण होतं, बाबा?"

"होते सात-आठ जण. कालपरवाच आलेत." त्यांनी कपाळावरची धूळ पुसली. "नावं नाही माहीत मला."

ती खाली बसली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. हे इतके ओशाळले, पाय मागे घेतले, म्हणाले, "अगं, राहू दे, राहू दे."

"गप्प बसा हो, बाबा," ती म्हणाली.