एकोणसाठ थाऊ

श्रीपतला घरी बसवलं त्याला दोन वर्षं झाली. कडोदऱ्याच्या वर्कशॉपात त्यानं एकतीस वर्षं लेथवर लूमचे शाफ्ट काढले, आणि एके दिवशी मालकानं कॉम्प्युटरवालं मशीन आणून सांगितलं, काका, आता आराम करा. आराम! जसा काही यानं मागितलाच होता. श्रीपत गुमान उठला, स्वतःचा जुना मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळला आणि गोडादऱ्याला घरी आला. बारीक जाडी मोजायचं ते साधन इंचाचं. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, आणि श्रीपतचा सगळा जीव त्या थाऊत.

त्याची मुलगी दीप्ती. तिनं जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, तीही सात तारांची. जयंतीला विहारासमोर तिला तीच वाजवायची होती. गिटारवर कारखान्यातून आलेल्याच तारा होत्या, गंजत चाललेल्या. त्या बदलायला ती दुकानात गेली आणि घोळ झाला. नव्या तारा बसल्या अन् गिटार खरखरायला लागली. दुकानदारानं हात झटकले. दांडाच वाकलाय म्हणाला, ही इथं ठेवा, सहा तारांची साधी घेऊन जा, तुम्हाला कशाला पाहिजे सात? दीप्तीही घरी येऊन म्हणाली, उद्या देऊन टाकते. रडून डोळे सुजले होते पोरीचे.

श्रीपतनं एवढंच विचारलं, जुन्या तारांवर खरखर होती का? नव्हती. मग दांडा एका दिवसात वाकला कसा?

तेव्हा दीप्तीनं नीट सांगितलं. दांडा तारांच्या ताणाला बसलेला असतो, बारीक तारा घातल्या की बिघडतो. या गिटारवर कारखान्यातून दोनपैकी एक सेट यायचा: एकात सगळ्यात जाड तार चोपन्नची, दुसऱ्यात एकोणसाठची. दुकानदारानं जुनी तार मोजली, पंचावन्न आलं, म्हणून चोपन्नवाला सेट चढवला. चोपन्न म्हणजे काय, तर इंचाचे हजारावे भाग. श्रीपतला हसूच आलं. म्हणजे थाऊच की!

जुन्या तारा दीप्तीनं पिशवीत आणल्या होत्या. त्यानं जाड तार मधोमध धरून मोजली. पंचावन्न. पुन्हा मोजली, पंचावन्नच. दीप्तीनं मान खाली घातली. श्रीपतचाही चेहरा पडला. मग सहज तारेवरून नख फिरवलं, तर जागोजाग चपटं लागलं. दांड्यावरच्या पट्ट्यांवर आपटून आपटून तार तिथं झिजली होती. त्यानं स्वतःलाच शिवी हासडली. झिजलेल्या शाफ्टचं मूळ माप बेअरिंगच्या बाहेरच्या, कोऱ्या टोकावर घ्यायचं, हे त्यानं आयुष्यभर पोरांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, आणि आज स्वतःच चुकला! गिटारच्या बुडाकडचं टोक, जिथं बोटं कधी पोचत नाहीत, तिथं त्यानं मायक्रोमीटर लावला. एकोणसाठ. बाकीच्या सहा तारा त्याच रीतीनं मोजल्या, सगळ्या दुसऱ्या सेटच्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बापलेक गिटार अन् जुन्या तारा घेऊन दुकानात. दुकानदारानं आपला डिजिटल कॅलिपर दाखवला. काका, हा खोटं बोलणार का?

"कॅलिपर खरा आहे," श्रीपत म्हणाला. "पण तुम्ही घासेल जागेवर माप घेतलं. इकडं टोकाला लावा."

दुकानदारानं लावला. आकडा दिसला. मग त्यानं जाड सेट काढला आणि तारा चढवायला हात पुढं केला, पण दीप्तीनं सेट आपल्याकडे ओढून घेतला. तिथंच स्टुलावर बसून तिनं सातही तारा स्वतः चढवल्या, सुरात लावल्या, गिटार दुकानातल्या अँपला जोडली आणि सगळ्यात जाड, सातवी तार छेडली. खरखर नाही, काही नाही. काउंटरची काच हादरली. मग पोरगी थांबतेय कुठली, जयंतीला वाजवायचं ते सगळं तिनं तिथंच सुरू केलं.

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदार खेकसला, आवाज कमी करा. दीप्तीचा हात अडखळला.

एकतीस वर्षांत श्रीपत कुठल्या मालकाला उलटून बोलला नव्हता. त्यानं खिशातला मायक्रोमीटर काढून काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"वाजू दे बेटा," तो म्हणाला. "मी ऐकतोय."