घरचं सॅम्पल

आमच्या लॅबमध्ये घरच्या माणसाच्या रक्ताची ट्यूब लगेच ओळखू येते. तिच्यावर बारकोड नसतो, स्केचपेनने नुसतं 'घर' लिहिलेलं असतं. सुरतेतल्या ज्या खासगी दवाखान्यात मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे, तिथे हे सगळेच करतात. दिवसाची सॅम्पल्स संपली की ट्रेच्या शेवटी आपली ट्यूब लावायची आणि मशीनमधून निघालेला कागद घडी करून पर्समध्ये टाकायचा. नोंद नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही, सही नाही. कुणी हरकतही घेत नाही, कारण हरकत घेणाऱ्याच्या घरीही म्हातारी माणसं असतातच.

त्या मंगळवारी मी सासूबाईंची ट्यूब लावली.

सासूबाई धुळ्याकडच्या. लग्नानंतर सुरतेतल्या नवागामला आल्या, त्या इथल्याच झाल्या, पण बोलणं अजून अहिराणीच. माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे मला ती कळते, बोलायला गेले तर सगळे हसतात. पंचाहत्तरी आली तरी त्या घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम घेत. मार्केटमधून गठ्ठा येतो, साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे बारीक कात्रीने कापून द्यायचे. आठवडाभरापूर्वी त्या कात्रीचं टोक त्यांच्या बोटात घुसलं. साडीला रक्ताचा डाग लागला तर अख्खी साडी परत येते. म्हणून त्यांनी काठाची एक चिंधी बोटाला करकचून बांधली आणि काम पुढे चालू ठेवलं. ती चिंधी तेव्हापासून तशीच होती. मी त्यावरून त्यांना रागावले, दोनदा रागावले, पण सोडून काही बघितलं नाही.

सोमवारपासून त्या जेवेनात. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायच्या. नवरा जवळच पलसाण्याला कापडाच्या एका डाइंग युनिटमध्ये सुपरवायझर आहे. तो म्हणाला, डॉक्टरकडे नेऊ या. सासूबाईंनी काखेतला थर्मामीटर काढून त्याच्यापुढे धरला.

"ताप नही, मंग दवाखाना कसाले?"

ताप खरंच नव्हता. पारा सत्त्याण्णवच्याही खाली होता. ताप नाही म्हणजे माणूस बरा, असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात. मी म्हटलं, थांबा, आधी मी रक्त बघते. रिपोर्टच्या बाबतीत माझ्या शब्दाला घरात मान आहे. गल्लीतले लोकही आपापले कागद घेऊन येतात, आणि मी चष्मा नाकावर सरकवून निकाल देते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, ते दुसऱ्या कुणासाठी असतं असं मला तोवर वाटायचं.

पांढऱ्या पेशी तीन हजार दोनशे आल्या. संसर्ग असला की या पेशी वाढतात, हे मी शिकले होते आणि नव्या मुलींना शिकवलंही होतं. इथे तर त्या नेहमीच्या खालच्या मर्यादेच्या, चार हजाराच्याही आत होत्या. मला हायसं वाटलं. आकड्याखाली मशीनने एक खूण केली होती. अशी खूण आली की काचपट्टीवर रक्त पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघायचं असतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. बाहेरच्या पेशंटचं असतं तर मी ते मुकाट्याने केलं असतं. पण ड्युटी संपली होती, आणि घरचंच तर होतं.

घरी पोहोचले आणि चपला काढायच्या आतच जाहीर केलं, रिपोर्ट चांगला आहे, इन्फेक्शन नाही, नुसता अशक्तपणा आहे, दोन दिवस मीठ-साखरेचं पाणी द्या. नवऱ्याचा चेहरा उजळला. बुधवारी आम्ही दोघंही कामावर गेलो.

गुरुवारी सकाळी सासूबाईंना उठता येईना. हात गार, त्यावर जांभळट चट्टे, श्वास भराभर चाललेला. माझ्याच दवाखान्यात आणलं. आयसीयूतली डॉक्टर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिने सगळ्यात आधी ती चिंधी कापली. बोटाचं टोक काळं पडलं होतं आणि मनगटाच्या वरपर्यंत लाल रेघ चढली होती. सेप्सिस, ती म्हणाली. हा शब्द मी हजारदा फॉर्मवर वाचला असेल. आता तो माझ्याच माणसाच्या अंगात शिरला होता.

दुपारी ती एक कागद घेऊन आमच्याकडे आली. दवाखान्यात एक अभ्यास चालू होता, त्यासाठी सासूबाईंचं थोडं जास्तीचं रक्त हवं होतं. नवऱ्याला समजावं म्हणून तिने हिंदी-गुजराती मिसळून सांगितलं. जंतू सगळ्यांच्या अंगात एकच शिरला तरी प्रत्येकाचं शरीर त्याच्याशी वेगळं वागतं. कुणाचं इतकं पेटून उठतं की स्वतःचेच अवयव जाळतं. कुणाचं लढायचंच सोडून देतं. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. पांढऱ्या पेशींमधली कोणती जनुकं जागी आहेत आणि कोणती गप्प झालीत, हे बघून त्यांना वेगळं ओळखता येतं का, हे शोधायचं होतं. तुमच्या आईला याचा आज उपयोग नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं. नवऱ्याने सही केली. पुढचे प्रश्न भरायला कागद माझ्याकडे आला.

दाखल होण्याआधी रक्ततपासणी झाली होती का? मी 'नाही'वर खूण केली.

मग, कुतूहल म्हणून विचारतेय अशा आवाजात, मी डॉक्टरला विचारलं की म्हाताऱ्या माणसाला ताप नसेल आणि पांढऱ्या पेशी कमी आल्या, तर? ती सहज म्हणाली, ताप आलेल्या पेशंटपेक्षा अशांना आम्ही जास्त घाबरतो. शरीराकडे लढायला काही उरलेलं नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

मी पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. नवरा शेजारीच उभा होता. तिने आकडा वाचला, मशीनच्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, स्लाइड? मी नकारार्थी मान हलवली. माझी खूण खोडून तिने 'हो' केलं आणि मंगळवारची तारीख लिहिली. नवऱ्याने ती तारीख पाहिली. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि मला त्याचा राग आला नाही. मला माझीच किळस येत होती.

अभ्यासाची ट्यूब माझ्याच हातात आली. ती आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची असते, म्हणजे पेशींमधला जनुकांचा मजकूर जसा आहे तसा थांबून राहतो. मी ती केली. त्या मजकुरात काय निघालं, हे आम्हाला कुणी सांगणार नव्हतं.

सासूबाई वाचल्या. सतरा दिवसांनी घरी आल्या, बोटाचं एक पेर तिथेच ठेवून. बायका भेटायला आल्या की त्या कौतुकाने सांगत, सून दवाखान्यात आहे म्हणून मी वाचले. नवरा उठून बाहेर जाई. मी चहा टाकायला आत पळे. असं तीन-चारदा झालं, आणि मला ते सहन होईना.

एका दुपारी त्या खाटेवर बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. कमी आलेला आकडा, मशीनची खूण, न केलेली स्लाइड, फुकट गेलेला बुधवार. सांगताना रडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग आपलं आखूड झालेलं बोट त्यांनी पदराखाली घेतलं. रागावतील असं मला वाटलं होतं, खरं तर त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट अवघडलेपणच होतं, चूक त्यांचीच झाल्यासारखं.

"बुधवारले माले भलती थंडी वाजी राहिनी व्हती," त्या म्हणाल्या. "पन तू सांगेल व्हतं ना, रिपोर्ट चांगला शे. मंग माले वाटनं, मीच खोटी."