घासलेल्या पावल्या

गेल्या महिन्यात नवीपेठेतल्या एका नाणीवाल्यानं मला बघून कपाळाला हात लावला... मी बोलतेय, नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण गप्प बसताही येत नाही.

माझी सून महादेवी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. ऑर्डरी वाढल्या आणि तिचं उजवं मनगट गेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, म्हणाले, पीठ मळायचं बंद करा, नाहीतर मशीन घ्या. मशीनला पैसे कमी पडत होते...

अशात नातीनं मोबाईलवर दाखवलं, जुन्या चार आण्याला लाखाचा भाव! माझ्याकडं सासूबाईंच्या डब्यात राजाच्या छापाच्या चांदीच्या पावल्या, म्हणजे चार-चार आणेच, होत्या. काळ्याकुट्ट पडलेल्या.

आता लक्ष्मीला असल्या अवतारात दुकानात न्यायचं? चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन देवाच्या भांड्यांसारख्या घासल्या. राजा असा उजळला, की पुन्हा लग्नाला उभा राहील.

दुकानदारानं भिंग लावलं. "आजी, ह्या घासल्या काय ओ?"

"घासल्या की! बघा कशा चमकाय लागल्यात."

"तितंच घोटाळा केलात."

मग त्यानं नीट समजावलं. साल कोणतं, राजाची दाढी किती झिजली आणि वरचा काळपटपणा मूळचा आहे का, यावर भाव ठरतो. घासलं की बारीक चरे पडतात, मग नुसते चांदीच्या वजनाचे पैसे. मोबाईलमधल्या लाखाचं विचारलं, तर तो फक्त हसला.

आमच्याकडं काळं भांडं दिसलं की सासूबाई घर डोक्यावर घ्यायच्या... आणि इथं काळ्यालाच मान!

"न घासलेली एखादी हाय का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तर सोबत आलेली महादेवी हळूच म्हणाली, "आत्याबाई, माझ्याकडं हाय की."

तिच्या लग्नात मी ओटी भरली, तेव्हा त्याच डब्यातली एक पावली घातली होती. मी विसरूनही गेले. तिनं ती तांदूळ-हळकुंडासकट खणात बांधून पेटीत ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात पुरचुंडी सोडली. दुकानदार भिंगातून बघतच राहिला. साल कमी सापडणारं, दाढी अख्खी. त्यानं सांगितलेला भाव लाखाचा नव्हता, पण घासलेल्यांचे पैसे धरून मशीनचं जमत होतं.

मीच तिचा हात धरला. "ओटीतलं विकत नसतात गं. घे माघारी."

"आत्याबाई, ओटी भरताना काय म्हणला होता तुमी? पोरी, तुझ्या हाताला यश येऊ दे. आता हातच गेला तर यश कुटं ठेवू?"

मी दुकानदाराला म्हटलं, "द्या ओ पैसे. उलट बोलणारी सून हाय, त्याचे चार जास्त लावा." तो पोट धरून हसला, जास्त मात्र काही लावले नाहीत.

मशीन आलं. ओटीतली पावली गेल्याचं वाईट वाटलं का, म्हणून शेजारणी विचारतात. वाटलं की...

पण काल संध्याकाळी महादेवी उंबऱ्यात बसून स्वतःची वेणी घालत होती. हाताला पट्टा नव्हता. मी म्हटलं, "तिरकी झाली गं." तिनं सगळी सोडली आणि पुन्हा घातली.

तिरकी कुठली झाली होती... मला ते हात अजून जरा बघायचे होते.